तिसरी फेरी

आम्हा वसईकरांना पाण्याचे अप्रूप नाही. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस खाडी आणि दारात विहीर, अशा मुलखात आमचा जन्म गेला. तथापि वयाच्या साठीनंतर आपण एका निमुळत्या, उघड्या होडीत बसून परक्या देशातील अरण्यात चार दिवस घालवू, असे आम्हा उभयतांच्या स्वप्नातही कधी आले नव्हते. २०२३ च्या सप्टेंबर महिन्यात ते घडले. घडवून आणणारा आमचा धाकटा मुलगा. तो गेली अकरा वर्षे कॅनडात टोरांटो येथे असतो. आम्ही त्याच्याकडे प्रथमच गेलो होतो, आणि आपल्याला सर्वांत प्रिय असलेली जागा आईवडिलांना दाखवावी, ही त्याची आणि सूनबाईंची मनापासूनची इच्छा होती.

ती जागा म्हणजे ऑन्टारिओ प्रांतातील अल्गॉन्क्विन उद्यान. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घसरगुंडी आणि फुलांचे ताटवे येतात. हे उद्यान १८९३ साली स्थापन झालेले असून त्याचा विस्तार साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. त्यात शेकडो तळी आहेत. बहुतेक तळ्यांपर्यंत रस्ता पोहोचत नाही. तेथे जायचे ते 'कनू' नावाच्या होडीने. एक तळे वल्हवून पार करायचे, काठावर उतरायचे, होडी डोक्यावर आणि सामान पाठीवर घेऊन रानवाटेने पुढच्या तळ्यापर्यंत चालायचे, आणि पुन्हा होडी पाण्यात सोडायची. या खांद्यावरच्या टप्प्याला तिकडे 'पोर्टेज' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा सरळ अर्थ वाहून नेणे असा आहे.

आमच्या कथेचा बराचसा भाग त्या तळ्यांवर घडलाच नाही. तो घडला टोरांटोतील सदनिकेच्या बैठकीच्या खोलीत, जमिनीवर पसरलेल्या कपड्यांच्या ढिगाभोवती.

निघण्याच्या आठवडाभर आधी मुलाने एक छापील यादी आमच्या हाती ठेवली. आम्ही ती वाचली आणि हसलो. चार दिवसांसाठी माणशी कपड्यांचे दोनच जोड! मुलगा मात्र हसला नाही. त्याने समजावून सांगितले, "पपा, एक ओल्याचा जोड आणि एक कोरड्याचा. होडीत, पावसात, चालताना ओल्याचाच घालायचा. मुक्कामावर तंबू उभा राहिला की कोरड्याचा. सकाळी उठल्यावर पुन्हा ओलाच अंगावर चढवायचा, कितीही थंड लागला तरी."

"ओला कपडा सकाळी अंगावर घालायचा?" आम्ही विचारले.

"हो आई. अर्ध्या तासात अंगाच्या उबेने तो सोसवतो. पण कोरडा जोड दिवसा भिजला, तर रात्री अंगावर घालायला काहीच उरत नाही. तिकडे रात्री फार थंडी पडते."

यादीतला दुसरा नियम आम्हाला त्याहून अवघड गेला. सुती कपडा एकही नको. आमच्या पिढीस सूत म्हणजे सभ्यता. रविवारच्या मिस्सेला सुती सदरा आणि सुती साडी, उन्हाळ्यात सुती पंचा, बाळंतिणीला सुती लुगड्याची घडी. नायलॉन म्हणजे घाम आणि पुरळ. आम्ही वाद घातला. तेव्हा सूनबाईंनी एक साधा प्रयोग करून दाखवला. आमचा एक सुती सदरा आणि त्यांचा एक पातळ लोकरी सदरा बादलीत बुडवला, दोन्ही पिळले आणि सज्जात शेजारी शेजारी वाळत घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकरी सदरा जवळपास वाळला होता. सुती सदरा हाताला गार आणि जड लागत होता.

कारण ऐकले तेव्हा ते आपलेच वाटले. सूत पाणी पिते, ते धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. ते पाणी उडून जाताना अंगातील उष्णता घेऊन जाते. वैशाखात घामाने भिजलेली बंडी वाऱ्यावर गार वाटते ती याचमुळे. आमच्या उकाड्यात जो सुताचा गुण, तोच त्या थंड मुलखात घातक ठरतो. ओल्या सुती कपड्यातला माणूस हवा फारशी गोठलेली नसतानाही गारठत जातो. आधी कापरे भरते, मग बोटे ऐकेनाशी होतात, मग बोलणे अडखळते आणि अखेर विचारही. लोकर मात्र भिजली तरी आपल्या कुरळ्या धाग्यांत हवा धरून ठेवते आणि काहीशी ऊब राखते.

हे ऐकताना आम्हाला घोंगडे आठवले. आमच्या लहानपणी भातलावणीच्या दिवसांत वडील डोक्यावरून काळे घोंगडे घेऊन शेतावर जात. दिवसभर धो धो पाऊस. संध्याकाळी घोंगड्यातून पाणी निथळत असे आणि आतले वडील उबदार असत. त्यांनी कोणतेही शास्त्र वाचले नव्हते. आम्ही शिकलो, सूत नेसू लागलो, आणि ओल्या लोकरीच्या वासाला नाके मुरडून घोंगडे माळ्यावर टाकून दिले. साठ वर्षांनी ते ज्ञान टोरांटोच्या सज्जात सुनेकडून परत मिळाले.

पुढचे सामान त्या मानाने पटण्यासारखे होते. अंगालगत पातळ लोकरी कपडा, त्यावर जाड पण हलका गरम अंगरखा, सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट आणि तशीच विजार. एकच जाड कोट घेतला तर एक तर उकडते, नाही तर गारठते. तीन पदर असले की एकेक चढवता-उतरवता येतो. लोकरी मोज्यांचे तीन जोड, त्यांतला एक केवळ झोपताना घालण्यासाठी. कानटोपी. पाण्यात उतरण्याचे बूट वेगळे, मुक्कामावरचे वेगळे. कपाळावर बांधायची विजेरी, कारण अंधारात दोन्ही हात मोकळे हवेत. चष्म्याला दोरी आणि एक जादा चष्मा. रक्तदाबाच्या गोळ्या दोन भाग करून दोन वेगवेगळ्या थैल्यांत, म्हणजे एक थैली बुडाली तरी दुसरी आहे. काड्यापेटीही तशीच दोन ठिकाणी. नकाशा कागदाचा, जलरोधक पिशवीतला. त्या रानात भ्रमणध्वनीस ऐकू येणारे असे काही नसते.

भरण्याचीही रीत होती. थैलीच्या आत आधी जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी, तिच्यात तळाशी झोपायची पिशवी आणि कोरडा जोड. त्यावर तोंड पिळून बांधायचे. जे रात्रीपर्यंत लागणार नाही ते तळाशी, जे पावसात सर्वांत आधी लागेल ते वर. म्हणून तंबूवरचे छत नेहमी सर्वांत वर. अन्न एका झाकणबंद पिंपात, कारण अस्वलाचे नाक माणसाच्या नाकाहून फार तीक्ष्ण. होडीत माणशी एक तरंगते जाकीट, एक शिट्टी, पाणी उपसण्याचे भांडे आणि किमान १५ मीटरांची तरंगती दोरी. यांपैकी तरंगत्या जाकिटाविषयी मुलाने तडजोड ठेवली नाही. ते थैलीत ठेवायचे नसते, अंगावर बांधायचे असते.

शेवटी त्याने आमच्या दोन्ही थैल्या काट्याला लटकावून वजन केले. माणशी आठ किलो, त्यापुढे एक ग्रॅमही नाही.

आम्हाला त्या क्षणी आमची आई आठवली. आमच्यातील एकाची आई, म्हणजे अर्थातच एकीची सासू. ती पहाटेच्या गाडीने भाजीची पाटी घेऊन मुंबईस जात असे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. पाटीत किती भरायचे याचा तिचा एक नियम होता. स्थानकावर दुसऱ्या माणसाने हात न लावता आपल्याला एकटीला उतरवता येईल तेवढेच. मागच्या बाईने आणखी दोन जुड्या घालायचा आग्रह केला तर ती म्हणे, "उतरवणार कोण?" नियम आम्ही शेकडो वेळा ऐकला होता. तो स्वतःला लावण्याचा प्रसंग मात्र आला नव्हता.

त्याच आठवड्यात मुलाने आम्हाला मिडलंड गावी हुतात्म्यांच्या तीर्थस्थानी नेले. संत जाँ द ब्रेबफ आणि त्यांचे सहकारी येशूसंघीय यांच्या स्मृतीचे हे स्थान. ब्रेबफ १६४९ च्या मार्चमध्ये हुतात्मा झाले आणि १९३० साली त्यांना संतपद घोषित झाले. हे आम्हाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे की, या संताने सामानाची यादी लिहिली होती. १६३४ साली ते त्र्वा-रिव्हिएरहून वेंडाट लोकांच्या भूर्जसालीच्या होड्यांतून निघाले. अल्गॉन्क्विनच्या उत्तरेस असलेल्या ओटावा नदीवरून त्यांनी सुमारे तीस दिवस प्रवास केला. पस्तीस वेळा होडी व सामान खांद्यावर घेऊन चालावे लागले, याची मोजदाद त्यांनीच करून ठेवली आहे. पुढे १६३७ मध्ये मागून येणाऱ्या धर्मबंधूंसाठी त्यांनी काही सूचना लिहिल्या. त्या आध्यात्मिक असतील असे वाटते, पण बहुतेक सूचना अगदी हाताच्या अंतरावरच्या आहेत. झगा वर खोचून बसावे, म्हणजे होडीत पाणी आणि वाळू येणार नाही. पाय उघडे ठेवावेत. चढता-उतरताना कोणाला खोळंबून ठेवू नये. मोठ्या काठाची टोपी मागच्या माणसास त्रास देते, त्यापेक्षा झोपायची टोपी बरी. वाटेत मासे विकत घेता यावेत म्हणून आऱ्या, लहान सुऱ्या आणि गळ जवळ ठेवावेत. मनात शेवटपर्यंत वल्हवायचे नसेल तर वल्हे हातीच घेऊ नये. आणि खांद्यावरच्या टप्प्यात प्रत्येकाने काहीतरी उचलावे, थोडेसे का होईना, अगदी एखादे भांडे तरी.

मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली. पुढच्या काळात केसाळ कातड्यांचा व्यापार करणारे फ्रेंच भाषक नावाडी याच जलमार्गांनी जात. त्यांतील बहुतेक कॅथलिक होते. मॉन्ट्रियल बेटाच्या पश्चिम टोकाशी संत अॅनाचे देऊळ आहे. तेथे प्रार्थना करून मगच ते अरण्यात शिरत. मालाचे एकेक गाठोडे नव्वद पौंडांचे, म्हणजे चाळीस किलोंहून थोडे अधिक, आणि नावाडी एका वेळी अशी दोन गाठोडी कपाळपट्ट्याच्या आधाराने पाठीवर घेई. आमच्या आईची चुंबळ आणि त्यांचा कपाळपट्टा, भार तोलण्याची युक्ती माणसाला सगळीकडे सुचलेली दिसते.

हे सारे ऐकून, पाहून, मान डोलावून आम्ही काय केले? निघण्याच्या आदल्या रात्री, मुले झोपल्यावर, एक निळी पिशवी भरली. तिच्यात वसईहून मुद्दाम आणलेला लोखंडी तवा घातला, कारण मुलाला तव्यावरची तांदळाची भाकरी आवडते. आंब्याच्या लोणच्याची काचेची बरणी घातली. लाडवांचा स्टीलचा डबा घातला. दोन सुती चादरी, दोन जाड टॉवेल, खोबरेल तेलाची बाटली. सात किलो तरी भरली असती, पण ती आम्ही काट्याला लटकावली नाही. या पिशवीची कल्पना कोणाची होती, हे आम्ही दोघांनीही अद्याप कबूल केलेले नाही आणि येथेही करणार नाही.

शिवाय आम्ही आणखी एक गोष्ट मनाशी बांधून घेतली होती. वसईला आमची वाडी आहे. केळी, नारळ, थोडी पानवेल. आमच्या पाठीमागे तिचे काय, हा प्रश्न आम्हास रात्री झोपू देत नसे. निवांत तळ्याकाठी, शेकोटीजवळ, मुलाला म्हणायचे ठरले होते : आता पुरे झाले, परत ये. ती गोष्ट कोणत्याही यादीत नव्हती.

टोरांटोहून तीन तास उत्तरेस गेल्यावर कनू लेक नावाच्या तळ्यापाशी आम्ही पोहोचलो. धक्क्यावर होड्या लागत होत्या, मागे माणसे थांबली होती. मुलाने निळी पिशवी पाहिली, आमच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता ती होडीच्या नाळेत सारून दिली. एका होडीत मुलगा आणि आमच्यापैकी एक, दुसरीत सूनबाई आणि दुसरे. टॉम थॉमसन नावाचे कॅनडाचे मोठे चित्रकार याच तळ्यात १९१७ च्या जुलैमध्ये मृत्यू पावले. होडी चालवण्यात ते वाकबगार होते. ही गोष्ट मुलाने अशा रीतीने सांगितली की आम्ही तरंगत्या जाकिटाचे बंद पुन्हा एकदा घट्ट केले.

उत्तर टोकाला एक लहानसे धरण आहे. ते ओलांडण्यास सुमारे तीनशे मीटरांचे पोर्टेज. मुलगा आणि सूनबाई यांनी पहिल्या फेरीत एकेक होडी डोक्यावर नेली. दुसऱ्या फेरीत मोठ्या थैल्या आणि पिंप नेले. आम्ही आपापले आठ किलो नेले. निळी पिशवी मागे राहिली होती. आम्ही ती आणायला निघालो तर मुलाने थांबवले. मुळांच्या वाटेवर तोल जाऊ नये म्हणून तुमचे हात मोकळेच हवेत, असे म्हणून तो स्वतः तिसऱ्या फेरीस गेला. वाट छोटी होती. आम्हीही फार मनावर घेतले नाही.

दुपारी पाऊस आला. आमच्यापैकी एकाच्या अंगात लोकरी कपड्याखाली, सवयीने, एक सुती बंडी होती. वल्हवताना ती घामाने भिजली होती, मग मानेतून पाणी शिरले. मुक्कामाला पोहोचेपर्यंत दातखीळ बसण्याची वेळ आली. सूनबाईंनी आधी छत ताणले, मग आडोसा करून अंगावरचे सारे उतरवायला लावले, कोरडा जोड दिला, कानटोपी घातली, गरम गोड चहा पाजला. अर्ध्या तासाने बोटे पुन्हा आपली वाटू लागली. त्या वेळी त्या कोरड्या जोडाची जी किंमत कळली, ती कोणत्याही रेशमी साडीस किंवा लग्नातल्या सुटास आम्ही कधी दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश निवळले. तळ्यावर लून पक्ष्याची लांब, कंप पावणारी हाक घुमत होती. कुडकुडत आम्ही ओला जोड अंगावर चढवला आणि मुलाने सांगितल्याप्रमाणे अर्ध्या तासात तो सोसवला. त्या दिवशीचे पोर्टेज सातशे मीटरांचे होते. वाट चढउताराची, कालच्या पावसाने मुळे निसरडी झालेली.

येथे थोडे गणित सांगितले पाहिजे. सारे सामान एका फेरीत गेले तर माणूस सातशे मीटर चालतो. दोन फेऱ्या लागल्या तर जाणे, येणे, पुन्हा जाणे, असे एकवीसशे मीटर. तिसरी फेरी वाढली की पस्तीसशे. सात किलोंच्या पिशवीसाठी चौदाशे मीटरांची वाट वाढते, आणि ती माणूस सर्वांत दमलेला असताना. हे गणित मुलाने आधीच केले होते, म्हणून त्याची यादी तशी होती.

तिसऱ्या फेरीहून परत यायला त्याला उशीर झाला. सूनबाई शोधत गेल्या. आम्हीही मागोमाग गेलो. तो वाटेच्या कडेला बसला होता, उजवा घोटा दोन्ही हातांनी धरून. निळी पिशवी शेजारी कलंडली होती. मुळावरून पाय सरकला होता. हाड मोडले नव्हते, पण घोटा डोळ्यांदेखत सुजत चालला होता. बरणी शाबूत होती. ती फुटली असती तर बरे, असे आम्हाला त्या क्षणी वाटले.

पट्टी बांधली, गोळी दिली. तळ्याचे गार पाणी हेच औषध म्हणून पाय पाण्यात धरून ठेवला. आधीच ठरल्याप्रमाणे त्या तळ्यावर दोन रात्री काढायच्या होत्या, ही देवाचीच कृपा. संध्याकाळी शेकोटीजवळ पिशवी उघडली गेली. मुलाने एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. बरणी पाहून तो प्रथमच रागावलेला दिसला. अल्गॉन्क्विनच्या अंतर्भागात काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे बंद डबे नेण्यास मनाई आहे, हे त्याने यादीत ठळक अक्षरांत लिहिले होते. आम्ही मुकाट्याने बसलो. चालताना काच फुटली तर मागून येणाऱ्या अनवाणी माणसाच्या पायात जाईल, असे तो म्हणाला. मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

सूनबाईंनी लाडू वाटले. मुलाने एक घेतला. अर्धा खाऊन झाल्यावर तो हळूच म्हणाला, "पपा, आई, हे सगळं तुम्ही माझ्यासाठी आणलंत, ते मला कळतं. पण वाहायचं मलाच असतं."

रागाने नव्हे, अगदी थकलेल्या आवाजात तो बोलला. आम्ही एकमेकांकडे पाहिले. वाडीची गोष्ट ओठांवर होती. ती काढण्यासाठी यापेक्षा निवांत जागा, यापेक्षा शांत घटका पुन्हा मिळणार नव्हती. आम्ही काढली नाही. रात्री तंबूत आम्ही दोघांनी दबल्या आवाजात रोझरी म्हटली आणि कुशीवर वळलो. दोघांनाही झोप लागली नाही. लून पक्षी अधूनमधून ओरडत होता.

अरण्याचा एक नियम आम्हाला परतीच्या दिवशी नीट कळला. तेथे काहीही टाकून देता येत नाही. जे आणले ते परत नेलेच पाहिजे. घरात नको असलेली वस्तू माळ्यावर टाकता येते, जकातनाक्यावर सोडून देता येते, रेल्वेच्या डब्यात विसरता येते. येथे तवा तव्याच्याच वजनाने परत यायचा होता. नको ते वगळण्याची एकच वेळ असते, ती घरी, जमिनीवर पसारा मांडलेला असताना.

चौथ्या दिवशी त्या सातशे मीटरांच्या वाटेवर सूनबाईंनी एक होडी नेली आणि दुसरीसाठी परत येऊ लागल्या. एवढ्यात समोरून एक तरुण जोडपे आले. न विचारता त्यांनी दुसरी होडी उचलली, वर पिंपही नेले, हात हलवला आणि आपल्या वाटेला लागले. त्यांचे नावही आम्ही विचारले नाही. राहिलेले सामान आम्ही दोघांनी नेले, हातात काठी घेऊन, एका वेळी एकच थैली, अगदी सावकाश. निळी पिशवी आमच्या तिसऱ्या फेरीत आली. पस्तीसशे मीटर म्हणजे किती, ते गुडघ्यांनी मोजले. वाटेत तीनदा टेकलो. प्रत्येक वेळी एकाने म्हणायचे आणि दुसऱ्याने हसायचे, "उतरवणार कोण?"

मुलगा वल्ह्याचा आधार घेऊन लंगडत चालत होता. रिकाम्या हातांनी चालणे त्याला घोट्याच्या दुखण्याहून अधिक जड जात होते, हे दिसत होते. अखेर तो थांबला आणि आमच्याकडून चहाचे पातेले मागून घेतले. आम्हाला ब्रेबफ आठवले. त्यालाही आठवले असावेत, कारण पातेले उचलून दाखवत तो प्रथमच मोकळेपणाने हसला.

वसईस परतल्यावर आम्ही काही दिवस वाडीत नुसते फिरलो. मग चुलतभावाच्या मुलास बोलावले. त्याला जमीन कमी पडते आणि केळीचे त्याला चांगले कळते. निम्मी वाडी त्याला कसायला दिली. विहिरीजवळचा तुकडा आणि घर आमच्याकडे ठेवले. हे आम्ही दूरध्वनीवर मुलाला सांगितले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. नंतर त्याने एवढेच विचारले, "विहिरीजवळचा जांभूळ आपल्याकडेच ना?" तो आपल्याकडेच आहे, असे आम्ही सांगितले.

यंदाच्या सप्टेंबरात त्याने पुन्हा बोलावले आहे. यादी मागच्या महिन्यातच आली. वजनकाटा आम्ही आणून ठेवला आहे. पहिल्या खेपेस माणशी सव्वानऊ किलो भरले, काढत काढत काल साडेसातवर आणले. सुती बंड्या बाजूला आहेत. माळ्यावरचे घोंगडे उतरवून उन्हात घातले होते, पण ते एकटेच अडीच किलोंचे निघाले, म्हणून पुन्हा घडी करून ठेवले.

यादीच्या शेवटी, काड्यापेटी आणि गोळ्यांच्या खाली, मुलाने यंदा एक ओळ वाढवली आहे : आंब्याचे लोणचे, दोनशे ग्रॅम, प्लॅस्टिकच्या डबीत.